घडी न घातलेले रुमाल

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, जेमतेम दोन माणसं मावतील एवढ्या जागेत, इस्त्रीकाकांचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. तिथून जाताना मी अजूनही नाक वर करून वास घेते आणि दर वेळी चिडते. गरम सुती कापडाचा तो वास इतका बिनबोभाट कसा काय निघून गेला, कोण जाणे.

काका अबोल. एक वाक्य बोलायचं म्हटलं तर त्यातलं अर्धं घरी ठेवून येतील असे. शर्टाची कॉलर मात्र अशी करायचे की घालणाऱ्याने आपोआप ताठ चालावं. दुसऱ्या कुणी इस्त्री केलेला कपडा दिसला की त्यांची एक भुवई वर जायची, तेवढीच काय ती निंदा. इस्त्री कोळशाची. संध्याकाळी काम संपलं की उरलेले निखारे ते राखेत झाकून विझवायचे. निखाऱ्यांवर पाणी ओतणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. “कोळसा उद्याही लागतो,” एवढंच म्हणायचे.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. धाकटा भाऊ नुकताच झाला होता आणि जन्मल्यापासून तापाने फणफणलेला असायचा. आई त्याच्या पाळण्याला बांधलेली, बाबा कारखान्यात पाळीला. ऊन उतरलं की मी जिन्यावरून खाली सटकायचे ती थेट काकांच्या दुकानात. तिथे टेबलाआड माझ्यासाठी एक बुटकं स्टूल होतं. काका रुमालांवर इस्त्री फिरवून माझ्या पुढ्यात टाकायचे आणि मी त्यांच्या घड्या घालायचे. वाकड्यातिकड्याच. माझी पाठ वळल्यावर ते पुन्हा नीट घालत असणार, पण मला त्यांनी तसं कधी कळू दिलं नाही. घरी यातलं काही ठाऊक नव्हतं. मी लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मात्र रस्त्यावरून रोड रोलर निघाला होता. एवढी अवाढव्य आणि तरीही पाच वर्षांच्या पायांना झेपेल अशा चालीने जाणारी वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती. मी निघाले मागोमाग.

आईच्या लक्षात आलं ते दिवे लागल्यावर. मग एकच धावपळ उडाली. जिने पाहिले, गच्ची पाहिली, पाण्याच्या टाकीत बॅटरी मारून पाहिलं. फौजदार आले, आणि समोरच्या शिवणकामवाल्या काकूंनी त्यांना गाठलं.

“साहेब, तो इस्त्रीवाला चांगला उजेड असतानाच माझ्याकडे येऊन गेला. छोटी इकडे आली का म्हणून विचारत होता. पोरीच्या आईला पत्ता नाही, मग याला कसं कळलं?”

प्रश्न बिनतोड होता. सगळे एकदम बोलायला लागले. कुणाला आठवलं की तो माणूस एकटाच राहतो. कुणाला आठवलं की तो कधी हसत नाही. सकाळी त्यांच्याच हातचे शर्ट घालून मिरवलेले हे लोक, अजून चुरगळलेसुद्धा नव्हते ते शर्ट.

काका नदीच्या पुलाजवळ सापडले, अनवाणी आणि घामाघूम. शिपायांनी त्यांना दंडाला धरून आणलं.

“पुलावर काय करत होतास?” फौजदारांनी विचारलं.

“पोरीला शोधत होतो. एक सायकलवाला म्हणाला, ती रोलरच्या मागे गेली. पुलापलीकडे. मला जाऊ द्या, साहेब.”

“म्हणजे आम्ही तिकडे धावायचं आणि तू इकडून पसार व्हायचं. ती हरवल्याचं तुला सांगितलं कुणी?”

यावर काकांनी मिठाची गुळणी धरली. फौजदारांचा आवाज चढला, शिपायाने दंडाला हिसका दिला, गर्दीतून कुणीतरी “चांगला चोपा त्याला” म्हणालं. काकांनी आईकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

फौजदार काकांना घेऊन दुकान तपासायला गेले, तशी आई भावाला कडेवर घेऊन त्यांच्या मागे गेली. टेबलावर शर्ट तसाच पडलेला होता, त्याची एक बाही इस्त्री केलेली, दुसरी चुरगळलेली. घमेल्यात निखाऱ्यांचा काळा चिखल झाला होता.

“पाणी ओतून पळालाय,” फौजदार म्हणाले. “काहीतरी करून घाबरलेला माणूस असंच वागतो.”

आई घमेल्याकडे बघत राहिली. हा माणूस निखाऱ्यांवर पाणी ओतत नाही, हे साऱ्या इमारतीला माहीत होतं. राखेत झाकण्याएवढाही दम त्याला धरवला नव्हता. आणि पळून जाणारा माणूस दारोदार विचारत कशाला फिरेल? मग तिला ते बुटकं स्टूल दिसलं. फळीवर सगळ्या कपड्यांच्या घड्या होत्या. स्टुलाजवळ मात्र इस्त्री केलेल्या रुमालांची चवड होती, आणि त्यातल्या एकाचीही घडी घातलेली नव्हती.

“हे रुमाल कुणासाठी ठेवलेत?” तिने काकांना विचारलं.

काकांनी रुमालांवरची नजर काढून घेतली.

“ती रोज येते का तुमच्याकडे?”

काकांनी होकाराची मान हलवली.

आई फौजदारांकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “साहेब, यांना आधी कळलं, कारण हे तिची वाट बघत होते. मी बघत नव्हते. आता यांना गाडीत घ्या आणि पुलापलीकडे चला.”

मी पलीकडच्या खडीच्या आवारात सापडले, रोलरवाल्याच्या कोटात गुंडाळलेली. तो बिचारा केव्हापासून माझं घर विचारत होता आणि मी ‘इस्त्रीच्या वर’ एवढाच पत्ता सांगत होते. काकांना पाहून मी म्हणे खूश होऊन टाळ्या पिटल्या. फौजदारांच्या गाडीत आई पुढे बसली होती. तिच्याकडे मी नंतर पाहिलं.

मोठी झाल्यावर एकदा काकांना विचारलं, “त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात? सरळ सांगायचं ना, पोरगी रोज येते, आज आली नाही म्हणून शोधायला गेलो.”

त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. “एवढ्या लोकांत, तुझ्या आईच्या तोंडावर?” म्हणाले आणि दुसरा शर्ट ओढला.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती खिडकीशी उभी होती. त्या दिवसापासून संध्याकाळची ती तिथेच असायची.

“मला ते तिथेच कळलं होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर मी बोलले.”