शेलारचं घर

"आधी करून बघू," असं म्हणत सर पेन्सिल कानावर खोचायचे आणि ऑफिसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचे. नकाशात खिडकी काढली की तिचा एक कोपरा ते खऱ्या मापात सागवानात करत, सांध्यावरून अंगठा फिरवत आणि परत येऊन मघाची रेघ खोडून टाकत. "कागदाला वजन नसतं," म्हणत.

मी त्यांच्याकडे नकाशे ट्रेस करायला होते. त्या वर्षांत भिवंडीत जो तो पॉवरलूमच्या शेडी बांधत होता. नारपोलीचा एक जमीनमालक एकदा वैतागला. "सायब, लूमची शेड हाय. तिच्या खिडकीचं एवढं काय?"

"आतला माणूस दिवसभर उभा असतो. बाहेर बघेल ना तो."

मालक हसला आणि दुसऱ्या आर्किटेक्टकडे गेला. असे बरेच गेले.

तुम्हीही पाहिलं असेल, लोकांची घरं बांधणाऱ्याचं स्वतःचं घर राहूनच जातं. सर कामतघरला चाळीत राहत. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवायच्या. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. जवळच्या शेलार गावात त्यांनी जागा घेऊन ठेवली होती. त्या घराचे नकाशे ट्रेस करून माझी बोटं दुखायची.

एकदा सरांनी शेडमध्ये फळ्यांचा ओटा मांडला आणि बाईंना शाळेतून थेट तिथे बोलावलं. "पोळी लाटतेस तशी उभी राहा." खांद्याची पर्सही न काढता बाई हवेत लाटणं फिरवू लागल्या. सर गुडघ्यांवर बसून फळीखाली पाचर सारत होते.

"आता?"

"बरोबर आहे."

"कोपर वर जातंय तुझं."

"अहो, बरोबर आहे म्हणते ना! बांधा आता. हातपाय चालतायत तोवर राहू दे मला त्यात."

आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी सरांनी नकाशातला जिना नव्यानं काढायला घेतला. तो काही केल्या त्यांना पटत नव्हता. त्यात आणखी काही वर्षं गेली.

मग बाई आजारी पडल्या. दुखणं बरं होणारं नव्हतं. सरांनी जिनाच काढून टाकला, बैठं घर आखलं आणि आधी काहीच करून न बघता जोतं घातलं. रोज शेलारला जाऊन गवंड्यांच्या मागे लागत. भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आणि बाई गेल्या.

काम तिथेच थांबलं. सरांनी जागा विकली, ऑफिस आवरलं आणि नाशिकला मुलीकडे जायचं ठरवलं. निघण्याच्या दिवशी मी भेटायला गेले. ते म्हणाले, "ती म्हणाली तेव्हाच बांधायला हवं होतं गं. थोडं चुकलं असतं, एवढंच."

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. रिक्षात बसताना त्यांनी विचारलं, "नव्या जागेत पडदे लावलेस?"

"नाही सर. भाड्याची आहे. दुसरी बघतोय."

"लाव," ते म्हणाले. "आजच लाव."

रिक्षा निघाली. त्यानंतर सर मला दिसले नाहीत.