या खेपंला कंचा देश?

खाण्याचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रीजमध्ये वाट्या साठतात तसे ते साठतात. कुठली वाटी कधी ठेवली, कशासाठी ठेवली, काही आठवत नाही. आणि एक दिवस दार लागेनासं होतं. परवा बाजारात शेखभाई भेटले आणि माझं तसंच झालं. म्हटलं, आता काही वाट्या बाहेर काढाव्यात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणारी एक कंपनी होती, तिथं मी ड्रॉइंग सेक्शनला होते. हेड ऑफिस मुंबईला. अधूनमधून तिथं मीटिंग असायची आणि आमचे मॅनेजर दिघेसाहेब आम्हा चौघांना जीपमध्ये घालून न्यायचे. पटारे असेंब्लीचे सुपरवायझर, नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचे, घरची शेती सांभाळून नोकरी करणारे. बोरा परचेसला, पक्के जैन. शेखभाई डिस्पॅचला. आणि मी.

साहेबांचं शिक्षण मुंबईत झालेलं. त्यांचं म्हणणं असं, की मुंबईला जाऊन राइसप्लेट खाणं म्हणजे समुद्रावर जाऊन बादलीत आंघोळ करणं! म्हणून मीटिंग संपली की दर वेळी वेगळ्या देशाच्या हॉटेलात. फार महागडी नव्हेत. प्लॅस्टिकची फुलं आणि कागदी नॅपकिन असलेली. जीप नगरच्या बाहेर पडते न पडते तोच पटारे मागून विचारायचे, "साहेब, या खेपंला कंचा देश?"

* * *

पहिला देश इटली. पिझ्झा आला.

पटारेंनी ताट गोल फिरवून सगळ्या बाजूंनी बघितलं. कास्टिंगला कुठं चीर गेलीय का, हे ते असंच बघायचे. मग म्हणाले, "साहेब, ह्येंनी भाकरी भाजायच्या आधीच कालवण वतलंय की!"

साहेबांनी चीज समजावलं, भट्टी समजावली, इटलीचा इतिहासही थोडा समजावला. पटारे ऐकत राहिले आणि खात राहिले. आवडला त्यांना. घरी जाऊन बायकोला सगळं बारकाईनं सांगितलं म्हणे.

सोमवारी डबे उघडल्यावर आम्ही विचारलं, "मग, वहिनी काय म्हणाल्या?"

पटारेंनी भाकरीचा तुकडा मोडला.

"ती म्हनली, का वो, त्यांच्यात ताटं नसत्यात व्हय?"

* * *

हा आमच्या घरचा.

सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उन्हाळाभर आईच्या शेवया, कुरडया, पापड वाळत असायचे. वर्षाचं सगळं तेव्हाच व्हायचं. एकदा मुंबईहून आल्यावर मी तिला हक्का नूडल्सचं वर्णन करून सांगितलं.

"एवढंच ना? शेवयाच की त्या!" म्हणाली आणि मोठा डबा काढला. कोबी चिरला, ढोबळी मिरची चिरली, मी आणलेलं सोयासॉस वास घेत घेत घातलं. दिसायला झकास झालं होतं.

बाबा रिटायर्ड हेडमास्तर. जेवताना पेपर वाचायची सवय. पुढ्यात शेवया आलेल्या त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितल्या, आणि आम्ही काही बोलायच्या आत हात लांब करून त्यावर दूध ओतलं. साखर घातली. कालवलं.

आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे. बाबा अग्रलेख वाचत शेवटच्या घासापर्यंत जेवले. उठले, हात धुतले.

"चांगल्या झाल्यात. पुढच्या वेळी फक्त कोबी घालू नकोस."

* * *

बोरांची गंमत वेगळी. एरवी कांदा-लसूण-बटाटा बंद. चातुर्मासात हिरवी पालेभाजीही बंद. अशा दिवसांत साहेबांनी पुन्हा इटली काढली.

वेटर ऑर्डर घ्यायला आला. बोरांनी त्याला अगदी शांतपणे सगळं सांगितलं. लसूण नको. कांदा नको. गाजर नको. मशरूम तर नकोच.

"सर, वर थोडी हिरवी पानं?"

"चातुर्मास आहे."

वेटर आत गेला, बाहेर आला. परत आत गेला. तिसऱ्यांदा आला तो जरा चाचरतच.

"सर, शेफना तुम्हाला एकदा बघायचंय."

उंच टोपी घातलेला शेफ बाहेर आला आणि बोरांसमोर हात जोडून उभा राहिला. "सर, टोमॅटो?"

"चालेल."

"मीठ?"

"मीठही चालेल," बोरा म्हणाले. शेफनं वर बघून आभार मानले!

जे काही आलं ते बोरांनी चाटूनपुसून खाल्लं, वर तोंडभर कौतुक केलं. पण त्यांच्या मनाला लागून राहिलं, की या माणसाला वाटत असेल आपण घरी उपाशीच राहतो. पुढच्या खेपेला त्यांनी डबा नेला. ओलं-हिरवं चालत नाही त्या दिवसांसाठी त्यांच्या घरी उन्हाळ्यातच मुगाच्या वड्या घालून वाळवून ठेवत, त्यांची भाजी. शेफनं ती किचनच्या दारात उभ्या उभ्या खाल्ली. आणि डबा स्वतः घासून आणून दिला.

त्यानंतरच्या खेपेला आम्ही नुसतं दार ढकललं. वेटरनं बोरांना बघितलं आणि आत ओरडला, "शेफ! टोमॅटोवाले सर आये हैं! हाथ में डब्बा भी है!"

* * *

एकदा परदेशच आमच्याकडे आला. नवीन मशीन बसवायला जर्मनीहून कार्ल नावाचा इंजिनिअर आला. नगरच्या लॉजवर राहायचा आणि तिन्ही त्रिकाळ ऑम्लेट खायचा. बाकी काही त्याच्या घशाखाली उतरेना. बिचारा दिवसेंदिवस उतरत चालला. त्यातच त्यानं साहेबांना सांगितलं, की मला परत जायचंय. मशीन अर्धं उघडं पडलेलं! साहेबांची झोप उडाली.

पटारे म्हणाले, "रविवारी बेलापूरला आनू त्याला. हुरड्याचं दिस हायेत."

रानात आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं भाजली. पटारेंची आई तळहातावर गरम कणीस चोळून कार्लच्या ओंजळीत दाणे टाकत होती, सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. पहिला घास खाऊन कार्ल थांबला. आम्ही सगळे श्वास रोखून. मग त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि मांडी घालायचा प्रयत्न केला. दुपार कलेपर्यंत तो उठला नाही. स्वतः कणसं चोळायला शिकला, हात भाजून घेतले, तरी उठला नाही. पुढचा रविवार त्यानंच ठरवला. मशीन बसलं, चाललं.

तो परत निघाला तेव्हा हेड ऑफिसनं मुंबईत एका मोठ्या कॉन्टिनेन्टल हॉटेलात पार्टी दिली. उन्हाळा लागला होता. भलंमोठं मेनूकार्ड आलं. कार्लनं ते न उघडताच बाजूला ठेवलं आणि वेटरला म्हणाला, "हुर्डा, प्लीज."

वेटर जुना होता, गळ्यात बो लावलेला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"सॉरी सर. जस्ट फिनिश्ड."

कार्लचा चेहरा पडला. पटारे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाई, हितं आगटी कुटं लावत्यात वो?"

* * *

रमजानमधली एक खेप. देश लेबनॉन. संध्याकाळ व्हायला आलेली. शेखभाईंचा रोजा, सूर्य मावळल्याशिवाय पाणीही नाही. आणि बोरा सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत! एकाच सूर्यावर दोघांचं जेवण अडलेलं.

साहेबांनी सगळं एकदम मागवून ठेवलं. बोरा भराभर जेवायला लागले. शेखभाईंसमोर भरलेलं ताट, पण हात मांडीवर. त्यांना सोडून कसं खायचं म्हणून साहेब, पटारे आणि मी पण तसेच.

हॉटेलचा मॅनेजर आला. "एनी प्रॉब्लेम, सर?"

"नाही, नाही."

त्याला वाटलं, थंड झालं असेल. ताटं उचलून आतून गरम करून आणली. आम्ही तरी ढिम्म. त्यानं परत उचलली, परत गरम केली. आता त्याच्या कपाळावर घाम. शेजारच्या टेबलावरची माणसंही आमच्याकडे बघून आपलं जेवण चिवडायला लागली.

शेवटी तो शेखभाईंच्या कानाशी वाकला. "भाईसाब, खाने में कुछ गलती हो गयी क्या?"

"रोजा है मेरा," शेखभाई म्हणाले.

"अरे, तो पहले बोलना था ना! मेरा भी है!" म्हणत त्यानं खुर्ची ओढली आणि आमच्यातच बसला.

बोरा खिडकीतून बाहेर डोळा ठेवून होते. शेवटचा घास गिळला, पाणी प्यायले, ताट पुढे सरकवलं आणि खजुराची बशी दोघांच्या मध्ये ठेवली.

"मावळला! शेखभाई, सुरू करा. माझं बंद!"

पटारे मोठ्यानं म्हणाले, "चला, सेकंड शिफ्ट आली!"

* * *

भायखळ्याच्या एका गल्लीत लहानसं चायनीज हॉटेल होतं. तिथं आम्ही बऱ्याचदा जायचो. गल्ल्यावर एक चिनी म्हातारी बसायची, जाड चष्मा, केस घट्ट बांधलेले. आत तिचा मुलगा, टक्कल पडायला लागलेला, तोच मुख्य आचारी. म्हातारी वेटरांशी हिंदीत, मुलाशी चिनी भाषेत बोलायची. आमच्याशी एवढंच: "थँक्यू. फिर आना."

पावसाळ्यातली खेप. पर्युषण होतं म्हणून बोरा आले नव्हते. माळशेज घाटात दरड येऊन उशीर झालेला, त्यामुळे कुठंही न थांबता आम्ही थेट मीटिंगला पोचलो. पटारेंच्या बायकोनं बांधून दिलेलं जेवण तसंच राहिलं होतं. दुपारी त्या चायनीजमध्ये ऑर्डर देऊन बसलो, तर पटारे म्हणाले, "खराब व्हईल, वो. घास घास खाऊन घिऊ." आणि टेबलाखाली मांडीवर फडकं सोडलं. बाजरीच्या भाकरी आणि चिघळची भाजी. पावसात बाजरीच्या रानात आपोआप उगवते ती, लहान, जाड पानांची; कुणी पेरत नाही, कुणी विकत नाही.

समोर भिंतीवर पाटी होती, बाहेरचे पदार्थ आणू नयेत. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "पटारे, झाका ते!"

उशीर झाला होता. म्हातारी गल्ला सोडून आमच्याकडे येत होती. मी तिला कधी खुर्चीतून उठलेलं बघितलं नव्हतं. ती टेबलाशी आली, वाकली, आणि पटारेंच्या मांडीवरचं फडकं बोटानं बाजूला केलं.

"चिघळ हाय?" ती म्हणाली.

तिनं आणखी वाकून वास घेतला.

"लसूण घातलाय न्हवं?"

"व्हय," पटारे म्हणाले. "व्हय जी."

त्यांनी फडकं उचलून टेबलावर ठेवलं. म्हातारीनं खुर्ची घेतली, भाकरीचा तुकडा मोडला. सावकाश चावत राहिली. "नगरकडचे का?"

"मी बेलापूरचा. ह्या बाई सावेडीच्या."

"सावेडीत तवा नुसती रानं हुती." तिनं दुसरा तुकडा मोडला. "वडील नगरात दाताचे डाक्टर. कवळ्या बसवायचे. शेजारी द्रौपदाबाई. ती खुरपायला जायची, येताना लुगड्याच्या वट्यात ही भाजी आनायची. माझ्या आईला भाकरी थापता यायची न्हाई. मग तीच करून द्यायची आमाला."

साहेबांनी विचारलं, "मग नगर कधी सोडलंत?"

"चीनची लढाई झाली त्या साली." तिनं भाजीतली लसणाची पाकळी वेगळी काढली, बघितली, खाल्ली. "सोडलं न्हाई. गाडी आली हुती पोलिसांची, आमा चिन्यांना धरून न्यायला."

शेखभाईंनी आपल्यापुढचा कांदा तिच्याकडे सरकवला. ती खात राहिली.

मुलगा आतून आमच्या फ्राइड राइसच्या प्लेटा घेऊन आला होता. कधीपासून मागे उभा होता कोण जाणे. प्लेटा त्याच्या हातातच होत्या.

"मम्मी," तो म्हणाला, "आपको मराठी आती है?"

म्हातारीनं मागे वळून बघितलं नाही.

"आती थी," ती म्हणाली. मग पटारेंकडे बघून विचारलं, "दादा, भाकर हाय का अजून एखादी?"