शिवेपर्यंत आलेला मुराळी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या सांभाळून घ्या. अक्षर तर माझं पहिल्यापासूनच वाकडं... चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर लेखणी हातात आली ती सही करण्यापुरतीच. माझी नात मोबाईलवर लोकांनी लिहिलेले असले अनुभव मला वाचून दाखवते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या मागं पावलं वाजली. मी हसते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. पण एक गोष्ट माझ्यापाशी आहे, ती नातीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते. समोर बसून सांगायला मला जमत नाही. चार माणसं बघायला लागली की माझी जीभ आत ओढली जाते. हे आधी सांगते, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

आमचं गाव उदगीरच्या पुढं, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला लागून. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. एक दिवस सरकारी माणसं साखळी घेऊन आली आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठावर जो शिवेचा दगड आहे, त्याला पांढरा पेंट मारून वर काळा नंबर टाकून गेली. दगडाच्या अलीकडं लातूर, पलीकडं नांदेड. पाऊस मात्र दोन्हीकडं नव्हता. लोक म्हणायचे, जिल्हा नवा आला पण पाणी जुन्यातच राहिलं.

माझ्या लग्नाला पाचवं वर्ष होतं. घरात तिघंच — सासरे, हे आणि मी. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. पाच वर्षांत मी मामांशी समोरासमोर एक वाक्य बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की भिंतीकडं तोंड करून म्हणायचं, मीठ संपलं वाटतं. मामा ओसरीवरून म्हणायचे, "त्या भितीला सांगा, आनतो म्हनावं." असा आमचा संसार चालला होता.

आणि चौथी हरणी. हरणी म्हणजे आमची कुत्री. कारवानी जातीची, लांब पायांची, पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं, रंग वाळल्या ज्वारीच्या ताटासारखा. पिकातून हरणं आणि रानडुकरं हाकलायला मामांनी तिला लहानाची मोठी केली होती. ही जात दिवसभर बांधून ठेवली की तिचे पाय आखडतात, म्हणून रोज सकाळी तिला फिरवून आणायची, असा मामांचा नियम. त्या वर्षी मामांचा गुडघा धरला आणि हे रोजगार हमीच्या तलावावर, पंधरा-पंधरा दिवस तिकडंच. मग हरणीचं दावं माझ्या हातात आलं.

बाईमाणसानं कुत्रं फिरवायचं म्हणजे गावाला करमणूकच. शेजारची सोजरबाई दारात बसलेली असायची. "निघाल्या बगा कलेक्टरीनबाई, कुत्र्याला हवा खाऊ घालाया. नवा जिल्हा झालाय न्हवं." मी पदर पुढं ओढून निघून जायची. काखेत घागर असायची. दगडाच्या पलीकडं ओढ्याच्या कोरड्या पात्रात मी झिरा उकरला होता. वाळूत हातभर खड्डा केला की तळाला थोडं थोडं पाणी पाझरतं, तो झिरा. वाटीवाटीनं घागर भरायची. म्हणजे कागदावर बघितलं तर मी रोज नांदेड जिल्ह्यातलं पाणी लातूर जिल्ह्यात आणत होते.

पौषातली सकाळ होती. ऊन नुकतं कोवळं पडलेलं. घागर अर्धी झाली होती. मान वर केली तर समोरच्या काठावर लांडगा उभा.

आधी मी हरणीचं दावं दोन्ही हातांनी धरलं. तिला सशाचा नुसता वास आला तरी ती दावं हिसकायची, माझ्या तळहातावर त्याचे वळ असायचे. आणि गावातली कुत्री लांडग्याच्या वासानं शेपूट पायात घालून घरात शिरतात, हेही मी बघितलं होतं. हरणीनं यातलं काहीच केलं नाही. ती पुढचे पाय पसरून खाली बसली. मामांच्या बाजेजवळ बसते तशी.

लांडगा काठ उतरून खाली आला. मी मागं सरकत सरकत दगडाला टेकले. तो झिऱ्यापाशी आला, प्याला, पाणी संपलं. झिरा पुन्हा भरायला वेळ लागतो. तो उभा राहिला, वाट बघत. इतक्या जवळून मी त्याला बघितलं... काय सांगू. पाठीवर काळसर केसांची ओळ, पाय हरणासारखे उंच, डावा कान मधे फाटलेला, डोळे हळदीच्या पाण्यासारखे. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी उपासमार, पण उभं राहणं असं, की जणू सगळं माळरान त्याच्या बापाचं. भूक होती, हावरेपणा नव्हता. तो दुसऱ्यांदा प्याला आणि त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. माझ्याकडं इतकं सरळ कुणी बघितलं की मी मान खाली घालते. त्या दिवशी घातली नाही.

त्यानंतर तो एक-दोन दिवसांआड यायचा. मी झिरा काट्यांनी झाकून ठेवायची, ते सोडून दिलं. शेवटचं पाणी उपसायचं नाही, असंही ठरवलं. घागर भरून मी निघाले की तो आमच्या बाजूनं दहा-पंधरा हातांवरून चालायचा. चाल अशी की मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशात. आवाज नाही, धूळ नाही. दगडापर्यंत यायचा आणि थांबायचा. एकदाही त्याच्या अलीकडं पाऊल टाकलं नाही. आपण पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवून माघारी फिरतो, तसा. हरणी एकदा मागं वळून बघायची, मग आम्ही घरी.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी मटणात विष घालून ठेवलं असतं.

शिवरात्र झाली आणि कडबा संपला. दोन बैल वाळून चालले होते. रान मोकळं पडलेलं, राखण करायची कशाची, म्हणून हरणीला द्यायचं ठरलं. देगलूरच्या पलीकडचे एक पाटील होते, त्यांना या जातीची हौस. त्यांचं गाव आमच्यापासून सोळा कोस. ते जीप घेऊन आले, पैसे रोख मोजले आणि आपला चामड्याचा पट्टा हरणीच्या गळ्यात घातला. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणून दावं माझ्याच हातात राहिलं. मी तिला हळदकुंकू लावलं, भाकरी चारली. मला म्हणायचं होतं की नका देऊ, मी माझी अर्धी भाकर तिला घालते. भिंतीकडं तोंडसुद्धा केलं. शब्द फुटला नाही. जीप गेली तशी हरणी मागच्या फळीवरून बघत होती, भुंकली नाही.

त्याच आठवड्यात त्या पैशाचा कडबा आला.

मी रोज पाण्याला जात होते, दावं सवयीनं कमरेला गुंडाळलेलं. आठ दिवस लांडगा दिसला नाही. झिऱ्याचं पाणी तसंच राहायचं. सोजरबाईनंसुद्धा टोमणे बंद केले, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी मी वाळूत बसले होते. समोरच्या माळावरून दोन जनावरं येत होती. मला वाटलं लांडग्यांची जोडी. मग एकीची चाल ओळखीची वाटली.

हरणी होती. पुढच्या एका पायानं लंगडत होती. आणि तिच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून, फाटक्या कानाचा लांडगा. ती थांबली की तो थांबायचा. ती निघाली की निघायचा. काठ उतरले, पात्र ओलांडलं, माझ्या शेजारून दोघं दगडापर्यंत गेले. तिथं तो थांबला. हरणी पुढं गेली, दगडाच्या अलीकडं, आणि मग वळून माझ्याकडं बघायला लागली — चल म्हणून. मी धावत गेले. तिच्या पावलांची कातडी सोलवटली होती. तिनं तोंड माझ्या मांडीत घातलं.

लांडगा पाणीसुद्धा न पिता माघारी निघाला होता. माझ्या पदरात भाकरी होती. मी ती दगडावर ठेवली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "जेवून जा."

माणसांपुढं न फुटणारा शब्द लांडग्यापुढं फुटला. त्यानं वळून बघितलं. मग माळ चढून निघून गेला. भाकरी संध्याकाळी तिथं नव्हती, पण कावळेही आहेतच, त्याचं मी काही म्हणत नाही. तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

घरी येऊन मी भिंतीला सांगितलं की हरणी आली, लांडग्यानं आणून सोडली. मामा उठले. काठी घेतली आणि त्या गुडघ्यानं शिवेकडं निघाले, मी मागं. मामा माग काढण्यात तरबेज. वाकून वाकून ते माळावर पाऊण कोस गेले. मातीत ठशांच्या दोन ओळी होत्या, शेजारी शेजारी. कुत्र्यामागं लांडगा लागला की ठसे पळतीचे, खोल पडतात. हे सगळे चालतीचे होते. एका बाभळीखाली हरणी पडून राहिल्याची खूण होती आणि तिच्या कडेला लांडगा बसल्याची, तोंड बाहेरच्या बाजूला करून. मामांनी तिथं काठी टेकली.

"चाळीस वर्सं झाली माग काढून राहिलो," ते म्हणाले. "असला माग पायला न्हाई." हे ते मला म्हणाले की माळाला, कुणास ठाऊक.

तिसऱ्या दिवशी पाटलांची जीप दारात. हातात पट्टा, बक्कल लावलेलं तसंच्या तसं. खोलीला कडी होती म्हणे, पट्टा साखळीला अडकलेला, आणि कुत्री नाही. चोरी झाली असं समजून ते दोन गावं हिंडून आले होते. हरणी समोर बघून ते चकित झाले, मग हसले, म्हणाले बरं झालं, घेऊन जातो. मामा शब्दाचा माणूस. पैसे घेतलेले, कडबा बैलांच्या पोटात गेलेला. त्यांनी सगळी हकीकत पाटलांना सांगितली, पण शेवटी खाली मान घालून मला म्हणाले, दावं सोड.

मी दाव्याला हात घातला. हरणी उठून उभी राहिली, पाय उचलून धरलेला. मी पदर सारखा केला, भिंतीकडं नाही, मामांच्या तोंडाकडं बघितलं.

"मामा, मुराळ्यासंगं आलेली लेक लगोलग परत धाडत न्हाईत."

सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. बहुतेक भाऊ असतो. मुराळ्यानं घरी आणलेल्या लेकीला त्याच पावली हाकलणं, म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. आमच्या घरानं हे कधी केलं नव्हतं, वैऱ्याच्या मुराळ्यालासुद्धा नाही.

मामा माझ्याकडं बघत होते. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नीट बघितलं असेल.

"भितीला कवाधरनं तोंड फुटलं?" ते हळूच म्हणाले. मग पाटलांकडं वळले. "पाटील, पैसे फेडतो. कुत्री न्हाई देत."

पाटील रागावले नाहीत असं नाही. पण जाणकार माणूस. त्यांनी हरणीचा पाय उचलून बघितला, बराच वेळ बघितला. मग उठून तो पट्टा आमच्या ओसरीच्या खुंटीला अडकवला. म्हणाले, "ह्यो डोळ्याम्होरं ऱ्हाऊ द्या. पैसे पुरे झाले की संगं घेऊन या."

दुसऱ्या दिवसापासून मी रोजगार हमीवर खडी फोडायला गेले. शब्द माझा होता, तर फेडही माझीच. हरणीला मामा फिरवायला लागले. सोजरबाई म्हणायची, दावं ठेवलं म्हणून लक्ष्मी माघारी आली.

आता कुणी म्हणेल, कारवानी कुत्र्याची मान जाड आणि डोकं बारीक, पट्टा निसटतोच. मान्य. कडी नीट लागली नसेल. मान्य. कुत्री लांबून घर शोधत येतात, तेही मान्य. नात म्हणते, एकटा पडलेला लांडगा कधी कधी कुत्र्याबरोबर राहतो. राहत असेल. पण भुकेला लांडगा लंगड्या कुत्रीला बाभळीखाली राखत का बसला? आणि रंग मारलेल्या दगडापाशी पाय का थांबवला? मला एवढंच माहीत आहे की त्याच्यासारखं देखणं आणि रीतीचं जनावर मी पुन्हा बघितलं नाही, आणि माणसंही थोडीच बघितली.

तिसऱ्या सुगीला शेवटची रक्कम जमली. पट्टा पुसून, तेल लावून मी फडक्यात बांधला आणि ह्यांच्याबरोबर एसटीनं देगलूरला गेले. पाटलांनी पैसे न मोजता खिशात घातले, पट्टा हातात घेऊन बघितला आणि विचारलं, "अजून जातिया का फिराया?"

"हाव," मी त्यांच्याकडं बघून म्हणाले. "शिवेपर्यंत."

घरी आले तेव्हा हरणी ओसरीवर, रिकाम्या खुंटीखाली झोपली होती. पैसे पुरते फिटले होते.