तिच्या मापाची नसलेली झोळी

तुदाच्या पाठीवर काही ना काही असायचंच. माहेरी मक्याची ताटं, सासरी गवताचा भारा आणि सरपण, आणि मग एकामागून एक तिन्ही मुलं. आमच्या अ‍ॅटलसच्या डोंगरात एखाद्या बाईची पाठ रिकामी दिसली तर शेजारीण विचारते, "बरं नाही का गं?"

धाकटा अयूर जन्मला तो उजवं पाऊल आत वळलेलं घेऊन. सासूने, म्हणजे सगळे जिला मानाने लल्ला म्हणत त्या रकियाने, पाऊल हातात घेऊन पाहिलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि फडक्यात गुंडाळून टाकलं. "चालायला लागला की होईल सरळ. तुझ्या नवऱ्याचे कान नाही का बसले जागेवर?"

पण खालच्या बाजारगावातल्या नर्सने स्पष्टच सांगितलं. प्लास्टरने पाऊल हळूहळू वळवता येईल, आताच, हाडं कोवळी आहेत तोवर. दर बुधवारी जुनं काढायचं, नवं घालायचं. "मध्ये खंड पडू देऊ नका. पाऊल मागे फिरतं."

तेव्हापासून दर बुधवारी पहाटे तुदा मुलाला चादरीने पाठीशी बांधून डोंगर उतरायची. प्लास्टर मांडीपासून बोटांपर्यंत, गुडघ्यात वाकवलेलं. प्रत्येक पावलाला त्याची कड तिच्या कमरेत नेमकी दुखऱ्या जागी लागे. ह्या बाळंतपणात तिची कंबर जी धरली होती ती सुटलीच नव्हती. नमाजाला तिला वाकता येत नव्हतं. म्हाताऱ्या बायकांसारखी ती बुटक्या चौरंगावर बसून नमाज पढायची. बसलेलीचंही देव ऐकतो हे तिला माहीत होतं. तरी कपाळ जमिनीला टेकलं नाही की तिला पोटभर जेवूनही उपाशी उठल्यासारखं वाटे.

पुढे नवरा चालायचा, बासू. खेचरावर बाजारात विकायचे अक्रोड असत, परत येताना पिठाची पोती आणि गॅसची टाकी. बासूची पाठ मात्र रिकामी. एरवी हाच माणूस डोंगर चढायला येणाऱ्या परक्या लोकांच्या अवजड पिशव्या, एकीवर एक दोन, पाठीवर घेऊन खिंड ओलांडायचा. वाईट नव्हता बासू. तिला दम लागला की थांबायचा, पाणी द्यायचा. पण मूल पाठीशी बांधणं हे बायकांचं काम. पुरुषाने बांधलं तर लोक विचारतात, बायको कधी गेली?

"जरा वेळ तू घेतोस का?" तिने एकदा विचारलं होतं.

"हातात घेतो की."

त्याने घेतलंही. पण दगडगोट्यांच्या उतारावर एक हात खेचराच्या दोरीला, एका हातात प्लास्टरचं पोर. दोनदा पाय घसरला. तुदाचाच जीव वर-खाली झाला आणि तिने मूल परत घेतलं.

एका बुधवारी नर्सने तिला वाकून उठताना पाहिलं. "तुमच्याच कमरेला प्लास्टर घालायची वेळ आली आहे. दुसरं कोणी आणत नाही का मुलाला?"

"आणतं की," तुदा म्हणाली. "माझी सावली."

बाजारात हम्मूकडे जुन्या सामानाचा ढीग असतो. समुद्रापलीकडून आलेले कोट, बूट, खेळणी. त्यात त्या दिवशी मुलं घ्यायच्या दोन झोळ्या निघाल्या. एक मऊ, लाल फुलांची. ती तुदाच्या अंगाला अशी बसली की हम्मूच म्हणाला, "बाई, ही तुमचं नाव विचारत आली होती."

दुसरी राखाडी, रुंद पट्ट्यांची, कमरेला जाड बकल असलेली. डोंगर चढणाऱ्यांच्या पिशवीसारखीच, फक्त मधे मुलाला बसायला जागा. ती तुदाला ढगळ झाली. खांद्यावरून पट्टे उतरत होते.

"लाल घे," बासू म्हणाला. "शोभतेय तुला."

तुदा राखाडीचे पट्टे हातात धरून उभी राहिली. लालमध्ये मऊ कापूस होता, प्लास्टरची कड बोचली नसती. ती घेतली असती तर आपलं दुखणं कमी झालं असतं, आणि ती कायम आपल्याच पाठीवर राहिली असती.

"ही देतोस का?" तिने हम्मूला विचारलं.

"ती तुमच्या मापाची नाही हो. गाढवाला घोड्याचं खोगीर."

"मला गाढव म्हणतोस?"

"तोबा तोबा! लाल घ्या, पैसे कमी करतो."

तिने राखाडीच घेतली. घरी लल्ला रकियाने ती दोन बोटांनी उचलून धरली. "हे काय, पूल बांधायला निघालीस? सात पोरं वाढवली मी एका चादरीत."

"तुमची कंबर देवाने लोखंडाची केली होती, लल्ला."

"आता गंजली ती," म्हातारी म्हणाली.

पुढच्या बुधवारी तुदा राखाडी झोळी घालून निघाली, आणि लवकरच तिला वाटलं की आपली अक्कल गहाण पडली होती. पट्टे घसरत होते. मूल एका बाजूला कलत होतं. बासू मागे वळून वळून पाहत होता. चुकीचं बांधलेलं ओझं त्याला बघवतच नसे. परक्यांच्याही पिशव्या तो रस्त्यात थांबवून नीट करायचा.

"वजन खांद्यावर नाही यायला पाहिजे. कमरेवर. तो पट्टा ओढ."

"ओढला."

"अजून."

"संपला तो. माझी कंबर तिथवर पोचत नाही."

"दे इकडे, दाखवतो."

त्याने झोळी पाठीवर चढवली, बकल लावलं, खांदे हलवून पाहिले. पट्टे त्याला बरोबर बसले. तुदाने मूल आत ठेवलं. "हे बघ, असं," म्हणत तो चार पावलं चालून दाखवायला गेला आणि चालतच राहिला. अयूरने त्याच्या मानेला गाल लावला.

येतानाही त्याने घेतलं. पण गावाच्या अलीकडे वळण आहे, तिथून दुकानाचा ओटा दिसतो आणि ओट्यावर बसलेले पुरुष. वळणावर थांबून बासूने बकल सोडलं. तुदाने मूल घेतलं, चादर काढली, पाठीशी बांधलं. पुढचेही बुधवार असेच गेले. वळणापर्यंत तो, वळणापुढे ती. नेमका शेवटचा उभा चढ तिच्या वाट्याला. तरी देवाने एवढी वाट सोपी केली म्हणून ती आभार मानायची. उरलेली मागायची तिला लाज वाटे.

मग एका बुधवारी दवाखान्यात फार गर्दी होती, ऊन कडक होतं, आणि चढताना तिच्या कमरेतून पायापर्यंत अशी कळ गेली की ती वळणावरच्या दगडावर बसली. बासू बकलला हात घालून उभा राहिला.

"ऊठ. घे."

"नाही घेत."

"म्हणजे?"

"आज नाही घेत मी, बासू. मला उठताच येत नाही. तू जा त्याला घेऊन."

"अगं, सगळे बसलेत तिथे."

"बसू देत."

रागावली नव्हती ती. रागवायलाही अंगात काही लागतं. बासूने ओट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. झोपलेल्या पोराची लाळ त्याच्या सदऱ्यावर ओघळत होती. त्याने खेचराची दोरी ओढली आणि वळण पार केलं.

तुदाला तो दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होतं.

"अरे, बासूने टुरिस्ट आणला बघा! कुठल्या देशाचा रे?"

हशा.

"बायको विकून आलास का बाजारात?"

आणखी हशा. मग बासूचा आवाज, जरा जास्तच मोठा. "वळणावर बसलीय ती. कंबर गेलीय तिची. हसून झालं असेल तर कोणीतरी ही गॅसची टाकी उतरवा, मला पोराला निजवायचंय."

पुढचं नीट ऐकू आलं नाही. कोणीतरी उठल्याचा, टाकी खणकल्याचा आवाज आला. एकदा कोणाचं हसूही ऐकू आलं, पण तोकडं.

तुदा पाय लांब करून बसून राहिली. मांडीवर काही नव्हतं, पाठीवर काही नव्हतं, आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. पुढच्या बुधवारी तो पुन्हा ह्या वळणावर थांबेल की नाही, कोण जाणे. थांबला तर पुन्हा सांगावं लागेल. तिने बिस्मिल्ला म्हटलं आणि दगडाला धरून हळूहळू उठायला सुरुवात केली.