हिरडीतला दोरा

चाळीस वर्षांच्या शिवणकामात मास्तरांनी दोरा कधी कात्रीनं तोडला नाही. तोडायचा तो समोरच्या दातानं. तोच दात हलायला लागला, हिरडीतून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे स्वारी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. कवळीची त्यांना मरणाची भीती.

डॉक्टरीणबाईंनी दात साफ केला आणि हिरडीतल्या पोकळीत औषधाचा पिवळा दोरा भरला. "गोळ्यांचं औषध अंगभर फिरतं, हे जिथं दुखणं तिथंच मुरतं. दहा दिवस हात लावायचा नाही. दात वाचवायचाय ना?"

"दोऱ्याशी कसं वागायचं, ते शिंप्याला शिकवता होय?" मास्तर हसले.

दहाव्या दिवशी हिरडीत दोरा नव्हता. मास्तरांनी पोरांची शपथ घेतली, बोटसुद्धा लावलं नाही म्हणून. घरी मास्तरांनी शिवून ठेवलेले कपडे बायकोनं उलगडले. एका पांढऱ्या शर्टाचं शेवटचं बटण जाड पिवळ्या दोऱ्यानं लावलेलं. टाका मास्तरांचाच, सुबक.

"अहो, हे कधी लावलंत?"

मास्तरांना काही आठवेना. सुटा दोरा दिसला की ओढायचा, ही शिंप्याची खोड खरी. पण स्वतःच्या तोंडातून?

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दोरा भरला. "आता शेवटचं. नाहीतर दात काढावा लागेल."

मग बायको डोळ्यांत तेल घालून मास्तरांच्या मशीनसमोर बसली. त्यांचा हात तोंडाकडे गेला की म्हणायची, "अहो, हात!" पहिल्या सकाळीच चौदा वेळा म्हणाली. हात उचलला गेलाय हे मास्तरांना एकदाही कळलं नव्हतं. पुढे पुढे ते आपल्याच हाताकडे चोरून बघायला लागले, घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसे.

दहा दिवस निभावले. दोरा जागेवर होता. डॉक्टरीणबाईंनी तो काढला तेव्हा रक्त नव्हतं, हिरडी दाताला धरायला लागली होती. मास्तरांना तिथंच खुर्चीत रडू आलं.

त्या दुपारी बायको चहा टाकायला आत गेली. गिऱ्हाईकासाठी लावलेल्या आरशात मास्तरांची सहज नजर गेली. उजवा हात तोंडात होता. तो दोरा शोधत होता. दोरा मिळेना, तेव्हा बोटांनी दातच धरला आणि हलकेच, सराईतपणे ओढायला सुरुवात केली.

"अगं, लवकर ये!" मास्तर ओरडले. पण बोटांआडून शब्द फुटेना, नुसता हुंकार निघाला.

"आले हो," आतून बायको म्हणाली, "आज गुणगुणताय अगदी!"