लेझरचा तारा आणि चर्चला वेढा

चहा ओतून घ्या आधी. फजिती माझी स्वतःची आहे, त्यामुळं मध्येच मी विषय बदलायला लागलो तर सरळ कॉलर धरा!

तर, इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षात सोडलं. का सोडलं ते तुम्ही विचारू नका, ते विचारायला शिरूरात म्हाताऱ्यांची फौज बसलेली आहे. मग दौंडच्या एका साउंड-लाइटवाल्याकडं लेझर शो शिकलो. लग्नात नवरा-नवरीची नावं भिंतीवर काढायची, लॅपटॉपवरून. लॅपटॉपची वायर एका डब्यात, आणि डब्यातून एकेका लेझरला लॅनची एकेक वायर. घरात इंटरनेटला असते ना निळी, तीच. एवढं सोपं. पण आमच्या चर्चच्या पंचांना ते समजेल तर शपथ!

आमच्या मिशन कंपाउंडात दर नाताळला रूबेन आबा बांबूवर कागदाची चांदणी चढवतात. आत एक बल्ब. आबा दौंडला रेल्वेत सिग्नलच्या वायरी जोडून रिटायर झालेले, त्यामुळं विजेवरचा शेवटचा शब्द त्यांचाच. यंदा मी पंचांच्या मीटिंगमध्ये उभा राहून तोंडावर सांगितलं, "आबा, तुमची चांदणी म्हातारी झाली. ह्या वर्षी चर्चच्या मनोऱ्यावर लेझरचा तारा!"

"आन् न्हाई दिसला तर?"

आता त्याच मीटिंगमध्ये दुसरा घोळ चालू होता. नाताळच्या नाटकात मरियेचं गाढव व्हायला एकही पोरगं तयार नव्हतं. सगळ्यांना राजा व्हायचंय! मी ताठ्यात बोलून गेलो, "न्हाई दिसला तर मी होतो गाढव!"

पाळकसाहेबांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं.

कार्यक्रमाच्या दुपारी चर्चच्या दाराच्या डावीकडं टेबल मांडलं. एक लेझर तिथंच, दुसरा दाराच्या उजवीकडं. मध्ये मोजून दहा पावलं. पण पंचांचा हुकूम निघाला: दारात वायर नको, बायामाणसं अडखळतील. मग काय, उजव्या लेझरची वायर चर्चच्या मागून, अख्खा वेढा घालून नेली. ट्रायल झक्कास! मग पोरं हात लावतील म्हणून तो लेझर काढून आत ठेवला, वायरीचं मोकळं टोक तेवढ्यापुरतं दारातून जपून टेबलापाशी आणलं आणि इस्त्रीचा शर्ट घालायला घरी गेलो.

अंधार पडता पडता परत आलो. लेझर जागेवर ठेवला. टेबलापाशी येतो तर डब्याशेजारी निळी वायर सुटलेली! म्हटलं, उपटली कुठल्यातरी कार्ट्यानं. डब्यात एक भोक रिकामं होतं, दिली खटकन बसवून. डब्यावरचे दिवे असे लुकलुकायला लागले म्हणून सांगू! मी मुद्दाम आबांना बोलावलं. "बघा, डेटा कसा पळतोय!"

पाळकसाहेब माइकवर म्हणाले, "आणि आता, पूर्वेचा तारा!" सगळ्यांच्या माना वर. मी बटण दाबलं.

मनोरा काळाकुट्ट.

पुन्हा दाबलं. दोन्ही लेझर ढिम्म. आता, चूक माझी असेल असं माझ्या डोक्यात येणं शक्य होतं का? छे!

"आबा, तुमच्या चांदणीचा बल्ब बंद करा. व्होल्टेज खातोय." केला.

"माइक बंद!" केला. "स्टेजचे फोकस!" केले. "चहाची शेगडी!" तीही गेली. शेवटी एका म्हाताऱ्या पंचांना मी कानातलं मशीन काढायला लावलं!

अख्खं कंपाउंड काळोखात, लोक मोबाइलच्या उजेडात गाणं म्हणतायत, आणि मध्ये माझा डबा. लुकलुक, लुकलुक.

"दाव तुझी वायर," आबा म्हणाले.

"आबा, हे सिग्नल न्हाई, नेटवर्क हाय. तुम्हाला न्हाई समजायचं."

"समजत न्हाई म्हणून तर हातात धरतोय."

त्यांनी डब्यातली लांब वायर मुठीत धरली आणि ती सरकवत निघाले. नाटकात ताऱ्यामागं चालणाऱ्या तीन ज्ञानी राजांना वाटलं, झालं सुरू! ते मागोमाग निघाले. त्यांच्या मागं मेंढपाळ, दोन मेंढरं आणि मरिया. वरात चर्चच्या मागं दिसेनाशी झाली. मी मोठ्यानं म्हणालो, "तोडणार बघा आबा आता वायर!"

थोड्या वेळानं वरात दुसऱ्या बाजूनं उगवली. उजव्या लेझरपाशी आबा थांबलेच नाहीत. वायर त्याच्या शेजारून नुसतीच पुढं गेली होती. दारातून, दहा पावलं, सरळ माझ्या टेबलाकडं.

"आरं, ह्या डब्यातनं निघालो आन् ह्याच डब्यात परत आलो की! लेझर कुठाय मधी?"

दोन्ही टोकं एकाच डब्यात! डबा स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकवत बसला होता, गोल गोल, इतक्या जोरात की डाव्या लेझरपर्यंतही काही पोचेना. पंचांच्या मीटिंगबद्दल मी वर्षभर हेच बोलत होतो, बरं का.

आबांनी एक टोक उपटून उजव्या लेझरात खोचलं. डबा बंद करून चालू केला. मी बटणाकडं हात नेला, तर पाळकसाहेबांनी वही उघडली.

"पण आता दिसणार की तारा!"

"दिसायच्या येळंला न्हाई दिसला," आबा म्हणाले. "घोंगडं आणा रं. आन् बटण कंचं, ते दाव."

दाखवलं. काय करणार? घोंगडं पांघरलं, पुठ्ठ्याचे कान लावले, हातापायावर ओणवा झालो. सात वर्षांची मरिया पाठीवर चढली.

आणि टाळ्या कडाडल्या! म्हणे मनोऱ्यावर हिरवागार तारा असा उमटला की तळेगावच्या एसटीतून उतरलेली माणसं रस्त्यातच उभी राहिली. म्हणे आबांनी तो तीनदा विझवून तीनदा पेटवला आणि लहान पोरासारखे हसले.

म्हणेच म्हणतोय. कारण मी मान वर केली की मरिया कान ओढायची, "हलू नको ना दादा, मी पडंल!"

अख्ख्या शिरूरात तो तारा न बघितलेला एकच प्राणी होता.