शीळकरी कस्तुराच्या मागे साठे सर

आम्ही जुने मास्तर जमलो की म्हसळ्याच्या शाळेचे किस्से निघतातच. एक संपायच्या आत दुसरा कुणीतरी चालू करतो आणि चहा गार होतो!

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. ड्रॉइंगचे साठे सर नवीनच पुण्याहून आले होते, माझ्या शेजारच्या खोलीत. पहिल्याच पहाटे मागच्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, शीळ आली, एकदम माणसासारखी. साठे सर खिडकीतून ओरडले, "कोण रे तो? अभ्यासाला बस!"

मी म्हटलं, "सर, पक्षी आहे तो. शीळकरी कस्तुर."

"असेना! परीक्षा जवळ आलीय!"

*

मग त्यांना त्याचं चित्र काढायचं वेड लागलं. मी खूण सांगितली, "सावलीत काळा दिसतो, ऊन पडलं की खांदा निळा चमकतो."

साठे सरांनी दिघी बंदरातल्या एका खलाशाकडून दुर्बीण मिळवली. सकाळी पऱ्यावर गेलो. सर कुजबुजले, "दिसला! झुडपामागं... काळा... अरे, निळा चमकला!"

झुडपामागून आवाज आला, "मास्तर, मानसाला सुखानं बसू द्याल का न्हाय?"

काळं घोंगडं, निळा सदरा आणि हातात टमरेल!

*

त्याच वर्षी पावसाळ्यात सुमतीबाई शाळेत रुजू झाल्या. पऱ्याकाठीच त्यांची खोली. आठवड्याभरात गावभर झालं, 'ड्रॉइंग मास्तर बाईंच्या घरामागं शीळ घालतात!'

हेडमास्तरांनी साठे सरांना बोलावलं. साठे सर रडकुंडीला आले. "सर, शपथेवर सांगतो, तो पक्षी आहे!"

"कसा दिसतो?"

"अजून दिसला नाही!"

हेडमास्तर म्हणाले, "उद्या पहाटे मला दाखवा. नाहीतर दुसरी शाळा बघा."

*

पहाटे आम्ही तिघं बाईंच्या परसामागं करवंदीच्या जाळीत दबा धरून बसलो. उजाडायला लागलं. शीळ आली! हेडमास्तरांनी आधी साठे सरांचं तोंड पाहिलं. बंद होतं. तेवढ्यात पऱ्यातल्या दगडावर तो टुणकन उतरला. ऊन पडलं, खांदा निळाशार चमकला.

"साठे, सुटलात!" म्हणत हेडमास्तरांनी त्यांना मिठीच मारली.

तोच दुसरी शीळ आली. खणखणीत आणि पक्क्या सुरातली. आम्ही जाळीतून डोकी वर काढली. मागच्या दारात सुमतीबाई उभ्या, ओठांचा चंबू करून!

हेडमास्तर गरजले, "बाई, शीळ तुम्ही घातलीत?"

"हो सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "हा कस्तुर रोज शेवटचा सूर गाळतो. म्हटलं, एकदा नीट करून ऐकवावं."

हेडमास्तरांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "अंतरा येतो का?"